सरकी, सांग बापूंना

चि. नील आणि चि. ईरा यांस,

तुमचा फोटो मिळाला. पांढऱ्या कुत्रीला मांडीवर घेऊन नील बसला आहे आणि त्याचं नाक लाल झालेलं नाही, हे मी भिंग घेऊन पाहिलं. सोबत तुम्ही लिहिलं आहे की ही एका दूरच्या बेटावरची दुर्मिळ जात, हिचे केस गळत नाहीत, म्हणून नीलला शिंका येत नाहीत. आणि शेवटी लिहिलं आहे की आपल्या घराण्यातली ही पहिलीच कुत्री. बाकी सगळं बरोबर असेल. शेवटचं वाक्य चूक आहे. चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही, म्हणून आजच लिहायला बसले. मराठीत लिहिते आहे, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांचं नाक इंग्रजीत मावणार नाही. कुठे अडलात तर आईला विचारा.

ते नाक दगाजीबापूंचं.

दगाजीबापू म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ, तुमच्या आजोबांचे काका. प्रकाशाला तापीकाठी आपलं घर आणि शेती होती. तेव्हा त्या भागाला पश्चिम खानदेश म्हणत. घरात कोणतीही नवी वस्तू आली की ती आधी बापूंच्या नाकाखाली जायची. घोंगडी असो, गादी असो, देवाला आणलेला हार असो. बापू डोळे मिटून ती नाकाशी धरत आणि थांबत. मग सगळं घर थांबे. शिंक आली तर वस्तू नापास. नाही आली तर पास. निकालावर अपील नसे. "नाक खोटं बोलत नही," असं ते म्हणत, आणि ते वाक्य झालं की नापास वस्तू उचलून मागच्या दाराकडे न्यायची, एवढंच आमच्या हातात उरे.

मिरचीचं पोतं नापास, हरभऱ्याचा भुसा नापास, झेंडू नापास. चार पायांचं यच्चयावत जनावर नापास. शेजारचे आमचे भाऊबंद लोटनआप्पा तपकीर ओढत. त्यांना बापूंनी एकदाच तपासलं आणि ओसरीची खालची पायरी ही त्यांची हद्द ठरवून दिली. कापूस मात्र पास होता. खानदेशात जन्मून कापूसच नापास झाला असता तर बापूंना मुलूख सोडावा लागला असता.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझीही परीक्षा झाली. मी बडोद्याला वाढलेली, इंग्रजी शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेली. माझ्याबरोबर पुस्तकांची एक पत्र्याची पेटी आली होती. बापू माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे राहिले, डोळे मिटले, थांबले. काही झालं नाही. मग कोणीतरी पेटीचं झाकण उघडलं. त्यानंतर बापू असे शिंकले की वाजंत्रीवाल्यांनी आपणहून वाजवणं थांबवलं. शेवटी उपरण्यानं डोळे पुसत त्यांनी निकाल दिला, "पोर पास शे. पेटी नापास." माझी पुस्तकं ज्वारीच्या कणगीमागे गेली आणि मी घरात आले.

आज तुम्ही याला ॲलर्जी म्हणता. तेव्हा वैद्य वाताचा विकार म्हणत आणि सासूबाई नजर म्हणत. बापू काहीच म्हणत नसत. त्यांना बोलायला फुरसत नसे. कारण शिंकांच्या मागून दमा यायचा, आणि तो आला की घरातलं हसणं बंद व्हायचं.

शेतकऱ्याच्या घरात जन्मून ज्याला बैलाच्या पाठीवर हात ठेवता येत नाही, त्याच्या जिवाला काय वाटत असेल याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. आम्हांला त्यातली गंमतच दिसे. बापू शेतावर जात, पण नेहमी वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहत. वारा फिरला की तेही बांधाबांधानं फिरत. आमच्या सालदारांना, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यांना, वारा कुठून आहे हे कळायला धूळ उधळावी लागत नसे; बापू कोणत्या बांधावर आहेत एवढं पाहिलं की झालं. पोळ्याला गावातले सगळे आपापली जोडी सजवून वेशीकडे नेत, आणि बापू घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, उभे राहून ती मिरवणूक पाहत. नाकाला उपरणं लावलेलं.

त्यांची बायको फार वर्षांपूर्वी गेली होती. मूलबाळ नव्हतं. ओसरीलगतच्या चुना दिलेल्या खोलीत ते एकटे राहत. घरातली मुलं गोठ्यात खेळत, त्यांच्या अंगाला गवताची धूळ असे, म्हणून मुलांनी जे सांगायचं ते उंबऱ्याबाहेरून ओरडून सांगायचं. मुलं ओरडत आणि पळून जात.

आता आपल्या घराण्यातली खरी पहिली कुत्री कशी आली ते सांगते. ती कापसातून आली.

वेचणीचे दिवस होते. अंगणात कापसाचा ढीग पडलेला, बाया फडक्यांतून आणखी आणून ओतत होत्या, आणि बापू राखणीला ढिगाशेजारी बसलेले. एवढ्यात ढिगाचा एक तुकडा सुटा झाला, उभा राहिला आणि त्यानं अंग झटकलं. एक बाई हातातलं फडकं टाकून मागे सरली. "बापू, कापूस उठना," ती म्हणाली.

उठलेला कापूस चालत आला आणि बापूंच्या मांडीवर चढून बसला.

बापूंनी डोळे मिटले. हात बाजूला धरले. आता येते, मग येते, असं तोंड करून ते शिंकेची वाट पाहू लागले. बाया थांबल्या. मी स्वयंपाकघराच्या झरोक्यातून पाहत होते. माझ्या तव्यावरची भाकरी करपली. शिंक आली नाही. बायांची दुपारची भाकर झाली, सावली अंगणात उतरली, तरी आली नाही. तेव्हा बापूंनी एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि एक हात त्या पांढऱ्या पाठीवर ठेवला. पन्नाशीला टेकलेल्या त्या माणसानं जिवंत जनावराच्या अंगावरून हात फिरवला तो पहिल्यांदाच. कसा फिरवतात हे त्यांना माहीत नव्हतं. गादीवरची सुरकुती काढावी तसा त्यांनी तो फिरवला.

"पास," ते म्हणाले. फार हळू म्हणाले.

संध्याकाळी तिची मालकीण शोधत आली. नदीजवळच्या आमराईत जंगलखात्याच्या साहेबाचा तंबू पडला होता. दर थंडीत तो तिथे मुक्काम करून पुढे अक्राणीच्या डोंगरात जाई. ही त्याची बायको. गाव तिला मडमबाई म्हणे. तिचं माहेर मादागास्कर नावाच्या बेटावर, आणि ही कुत्री तिकडचीच. त्यांच्या भाषेत या जातीच्या नावातच कापूस आहे, असं तिनं मला सांगितलं. मडमबाईंना स्वतःलाही जनावरांच्या केसांनी शिंका येत, म्हणून त्यांनी ही न गळणाऱ्या केसांची जात बाळगली होती. त्या तिला मिमी म्हणत. बापूंनी मात्र तिचे दोन डोळे आणि नाक, असे पांढऱ्यातले तीन काळे ठिपके पाहून आधीच नाव ठेवलं होतं: सरकी, म्हणजे कापसातलं बी.

इथे तुम्हांला आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. सुनेनं चुलत सासऱ्यांशी बोलायचं नाही, आणि त्यांनी सुनेशी बोलायचं नाही. मध्ये तिसरं माणूस लागे. आमच्यात ते काम सासूबाईंकडे होतं. त्यामुळे मडमबाई मला इंग्रजीत सांगत, मी ते सासूबाईंना मराठीत सांगे, आणि सासूबाई बापूंना अहिराणीत. बापू तिथेच उभे असत. माझं बोलणं त्यांना स्वच्छ ऐकू आलेलं असे, पण ते सासूबाईंच्या तोंडून येईपर्यंत चेहऱ्यावरची रेघ हलू देत नसत.

त्या संध्याकाळी मडमबाई सरकीला घेऊन गेल्या. थंडी संपता संपता त्या तिच्यासह पुन्हा आल्या. साहेबाला विलायतेची लांब रजा मिळाली होती. तिथल्या कायद्यानं परदेशी कुत्र्याला कित्येक महिने सरकारी पिंजऱ्यात कोंडून ठेवतात, ते त्यांना करवत नव्हतं. आपण परत येईपर्यंत बापू मिमीला सांभाळतील का, असं त्यांनी विचारलं.

बापूंनी उत्तर दिलं, "वहिनी, सांग बाईले. अमानत शे. जवय मांगशी तवय देसू." म्हणजे ही ठेव आहे, मागाल तेव्हा परत देऊ. ते इतक्या पटकन बोलले की सासूबाईंचं विचारून व्हायचं होतं.

तेव्हापासून बापूंच्या दिवसाला वळण लागलं. सरकीचे केस गळत नसत, पण वाढत आणि गुंतत. रोज सकाळी ओसरीवर पाट मांडून बापू तिला विंचरत. स्वतःच्या डोक्यावर वर्षानुवर्षं केस नसलेला माणूस, पण फणी अशी धरी की लग्नघरातल्या बायांनी शिकावं. कानांमागचा गुंता तेलाच्या बोटानं सोडवायचा, पायांतली कुसळं एकेक वेचायची, आठवड्याला रिठ्याच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं. शेतावर जाताना ती कुसळांत जाऊ नये म्हणून डोक्यावरच्या टोपलीत. बांधावर टोपली दिसली की सालदार म्हणत, "बापू उनात, वरतून सरकार बी उनं." म्हणजे बापू आले, आणि वरून सरकारही आलं.

लोटनआप्पा पायरीखालून विचारत, "बापू, कुत्राले इतलं कोणी करस का?"

"कुत्रं नही ते."

"मंग काय शे?"

"सरकी शे."

आणि खरंच, त्या पंचक्रोशीत असं जनावर दुसरं नव्हतं. शहाद्याच्या बाजारातून लोक मुद्दाम पाहायला येत. बापू आधी पाहुण्यालाच हुंगून तपासत. तो पास झाला तरच सरकीचं दर्शन. गावची कुत्री भुंकत तेव्हा ती त्यांच्याकडे बघतसुद्धा नसे. टोपलीत मान वळवून बसे. "घराणं शे तिनं," बापू म्हणत. मी बडोद्याची, राजवाड्यातली कुत्री लांबून पाहिलेली. त्यांच्यापुढे आमची सरकी कुठेही कमी नव्हती, हे मी आजही सांगेन.

त्या वर्षी पोळ्याला बापू धाब्यावर चढले नाहीत. त्यांनी सरकीच्या गळ्यात लाल गोंडा बांधला, कपाळाला बेगड लावली आणि मिरवणुकीच्या शेवटच्या बैलजोडीमागे, वारा बघून, अंतर ठेवून, ते तिला घेऊन वेशीकडे चालत गेले. गाव हसलं. लोटनआप्पांनी भर रस्त्यात विचारलं, "बापू, औतले कशी जुपशी हिले?"

"जोडी पाहिजे ना," बापू म्हणाले. "दुसरी बाजूले तू ये."

गाव परत हसलं, पण या वेळी आप्पांना. घरी आल्यावर बापूंनी सरकीचे पाय धुतले, तिला ओवाळलं आणि आपल्या हातानं पुरणपोळी भरवली. शेतकरी पोळ्याला बैलाला भरवतो, तसंच सगळं. सासूबाईंनी पोळी मोजून दिली नाही, हे मला अजून आठवतं. त्या एरवी मोजत.

सरकीमार्फत बोलायची सुरुवातही सासूबाईंनीच करून दिली. मी स्वयंपाकघरात, बापू ओसरीवर, आणि निरोप नेता आणता त्यांचे पाय दुखत. एक दिवस त्या पीठ मळत होत्या आणि मी म्हटलं, "बापूंना सांगा ना, पान वाढलंय."

"मन्हा हात पिठमा शेतस," त्या म्हणाल्या. "मी काय डाकवाली शे का? सांग त्या सरकीले, ती सांगी दी."

सरकी दारातच बसली होती. मी म्हटलं, "सरकी, सांग बापूंना, पान वाढलंय."

ओसरीवरून लगेच आवाज आला, "सरकी, सांग तिले, मी उनू."

झालं. रीतही राहिली आणि सासूबाईंचे पायही राहिले. त्या दिवसापासून आम्ही दोघं दिवसभर त्या कुत्रीशी बोलत असू. सरकी, सांग बापूंना, वैद्यांचा काढा घ्यायचा राहिलाय. सरकी, सांग तिले, काढा कडू शे. सरकी, सांग बापूंना, काढा कडूच असतो. सरकी, सांग तिले, शिकेल पोरी भलत्या हट्टी. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे वळून वळून सरकीची मान दुखत असेल. तुमचे आजोबा शहाद्याच्या कचेरीत नोकरीला होते, शनिवारी घरी येत. पहिल्यांदा त्यांनी हे ऐकलं तेव्हा बराच वेळ दारात चप्पल हातात घेऊन उभे राहिले.

दुसरी थंडी जवळ येऊ लागली आणि बापूंचा फणीचा वेळ वाढला. मडमबाई त्या थंडीत परतायच्या होत्या. कोणी तो विषय काढत नसे. एकदा बापूच सरकीला म्हणाले, "सरकी, सांग तिले, रोज तुन्हासंगे इंग्रजी बोलाले."

मला कळेना. मी विचारलं, "सरकी, विचार बापूंना, कशाला?"

"सरकी, सांग तिले, तू परत जाशी. बाई काय बोलनी ते तुले समजनं नही, तर बाई म्हणी, खेडामा राहीसन पोर अडाणी झाई."

मग रोज दुपारी अर्धा तास मी त्या कुत्रीला इंग्रजी शिकवलं. बस, ऊठ, इकडे ये, शाब्बास. बापू शेजारी बसून लक्ष देत. तिनं एखादा शब्द बरोबर पाळला की त्यांची छाती फुगे, आणि मग ते उठून परसात जात आणि बराच वेळ येत नसत. मुलगी सासरी पाठवायची तर तिला चार गोष्टी शिकवून पाठवावं लागतं, तसंच ते चाललं होतं. ज्या दिवशी जायचं त्या दिवसासाठी ते तिला स्वतःच्या हातानं तयार करत होते. शब्द दिला होता, आणि बापूंची बोली म्हणजे त्यांच्या नाकासारखी: एकदा निकाल लागला की अपील नाही.

थंडी पडली. आमराईत तंबू लागला. चपराशी सांगून गेला की मडमबाई उद्या येतील, मिमीला तयार ठेवा.

दुसऱ्या दिवशी बापू सकाळपासून जेवले नाहीत. सरकी न्हाऊन, विंचरून पाटावर बसली होती. शेजारी धुतलेल्या फडक्यात शिदोरी बांधलेली: दुधात कुस्करलेली बाजरीची भाकर, डब्यात घालून. घरात नेमकं कोणी नव्हतं. सासरे कापसाच्या गाड्या घेऊन नंदुरबारला गेलेले आणि सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला अमळनेरला.

मडमबाई आल्या. बरोबरच्या चपराशाला थोडं हिंदुस्थानी आणि थोडं इंग्रजी येत होतं, त्याच्यावर काम भागलं असतं. पण तो घोड्यावरून आला होता. बापूंनी त्याला फाटकापासूनच नापास केलं. मडमबाई ओसरीवर खुर्चीत बसल्या. सरकीनं धावत जाऊन त्यांचे हात चाटले, शेपटी हलवली, आणि मग ती मध्ये जमिनीवर येऊन बसली. मी दाराआड, डोक्यावर पदर. समोर बापू. बोलायचं होतं आणि मध्ये तिसरं माणूस नव्हतं. बापूंनी माझ्याकडे पाहिलं नाही, मी बापूंकडे पाहिलं नाही. आम्ही दोघांनीही सरकीकडे पाहिलं.

मडमबाईंनी इंग्रजीत विचारलं, "कशी आहे ती?"

"सरकी, सांग बापूंना," मी म्हटलं, "बाई विचारतात, तू कशी आहेस."

"सरकी, सांग बाईले, तू बरी शे. एकदाबी आजारी पडनी नही."

शाळेत मला एक गोष्ट पक्की शिकवली होती: भाषांतर करताना पदरचं घालू नये आणि मूळचं गाळू नये. मी इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं: सरकी, बाईंना सांग, तू बरी आहेस, एकदाही आजारी पडली नाहीस.

मडमबाईंच्या भुवया वर गेल्या. पण त्यांनी पुढे विचारलं, आणि मीही पुढे सांगत गेले. खाते काय? सरकी, सांग बाईंना, तू भाकर खातेस, पण साय काढलेलं दूध तुला चालत नाही. कुठे कुठे फिरली? सरकी, सांग बाईंना, तू सगळं शेत पाहिलंस, पोळ्याला मिरवलीस. प्रत्येक प्रश्न कुत्रीकडे जात होता, प्रत्येक उत्तर कुत्रीकडून येत होतं, आणि कुत्री गंभीरपणे एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. शेवटी मडमबाईंना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही हे सगळं तिला का सांगता?"

मी तेही भाषांतर केलं. "सरकी, विचार बापूंना, बाई म्हणतात, हे सगळं तुम्ही सरकीला का सांगता?"

बापूंना त्या प्रश्नात काही नवल वाटलं नसावं. त्यांनी साध्या आवाजात उत्तर दिलं.

"सरकी, सांग बाईले, मंग कोणले सांगू?"

मी ते इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, आणि ती तीन शब्दांची ओळ सांगताना पहिल्यांदा मला ऐकू आली. मग कोणाला सांगू? मी सांगितली. पदरचं घातलं नाही, मूळचं गाळलं नाही.

मडमबाई गप्प झाल्या. ती शांतता म्हणजे निघायची वेळ, असं बापूंना वाटलं. त्यांनी शिदोरीचा डबा पुढे सरकवला आणि सरकीकडे पाहतच भराभर सांगू लागले, "सरकी, सांग बाईले, केस रोज विंचरना, नहीतर गुंता व्हस. कानमांगे जास्त. ढग गाजनात की तुले जवळ लेवानं, तू भ्यास. इंग्रजी तू भुलनी नही. अमानत शे, बोली दिधी ती दिधी."

मी प्रत्येक वाक्य सांगितलं. ढगांचंही.

तेव्हा मडमबाई खुर्चीवरून उठल्या आणि आपला इस्त्रीचा झगा न सांभाळता सरळ जमिनीवर, सारवलेल्या ओसरीवर, कुत्रीसमोर बसल्या. आणि तिला मिमी न म्हणता म्हणाल्या, "सरकी, सांग तुझ्या बापूंना. माझ्याशी बोलायला पुष्कळ माणसं आहेत."

मग पुढे म्हणाल्या, "आणि सांग, ठेव मागेन तेव्हा द्यायची असं ठरलं होतं. मी अजून मागितलेली नाही. त्यांची बोली मोडत नाही."

मी ते बापूंसाठी सरकीला सांगितलं.  बापूंनी उपरणं नाकाला लावलं आणि ते शिंकले. म्हणजे शिंकल्यासारखं केलं. त्यांची खरी शिंक मी घरातल्या कोणत्याही कोपऱ्यातून ओळखत असे. ही ती नव्हती.

"सरकी," उपरण्यातूनच ते म्हणाले, "सांग बाईले, चहा पीसन जा."

मडमबाई पुढच्या थंड्यांत, साहेबाची नोकरी असेपर्यंत, दर मुक्कामाला येऊन जात. ओसरीवर खाली बसत आणि सरकीमार्फत बापूंची खुशाली विचारत. ठेव त्यांनी कधीच मागितली नाही.

सरकी पुष्कळ जगली. तुमचे वडील रांगायला लागले तेव्हा ती होती. दोघं एकाच पाटावर झोपत. मग एका उन्हाळ्यात ती गेली, झोपेतच. बापूंनी तिला शेताच्या वरच्या बांधावर पुरलं, जिथे वारा आधी लागतो तिथे.

त्यानंतर घर मुकं झालं. सासूबाईंना तोवर ऐकू येईनासं झालं होतं, त्यांच्यामार्फत निरोप नेणं शक्य नव्हतं. मी बापूंचं पान वाढून ठेवी आणि भांडं जरा जोरात ठेवी, म्हणजे त्यांना कळे. ते जेवून उठत. कित्येक दिवस असे गेले. एक दिवस दुपारी मी ओसरीवर चहाचा पेला ठेवला आणि आत वळले. मागून आवाज आला, "सरकी..." आणि तिथेच थांबला.

मी दारात उभी राहिले. मला वळून पाहायचा धीर झाला नाही.

मग बापू घसा साफ करून म्हणाले, "पोरी, चहामा आलं कमी पडनं."

मी वळले. ते माझ्याकडे पाहत होते. इतक्या वर्षांत त्यांचे डोळे घारे आहेत हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "उद्या जास्त घालते, बापू. तोवर बसू का थोडी?"

"बस," ते म्हणाले.

मी उंबऱ्यावर बसले. पायरीखालून चाललेल्या लोटनआप्पांनी हे पाहिलं, आणि तपकीर न ओढताच थांबले. "बापू," ते म्हणाले, "सुनसंगे बोली ऱ्हायनात? रीत मोडनी."

"रीत नही मोडनी, लोटन," बापू म्हणाले. "मधलं माणूस गयं."

 जरा वेळानं आप्पाही पायरीवर बसले.

बापू पुढे बरीच वर्षं होते, आणि रोज दुपारी मी त्यांच्याशी बोलत असे. आल्यावरून सुरू झालेलं बोलणं त्यांच्या गेलेल्या बायकोपर्यंत, तिच्या आवाजापर्यंत गेलं. ते पत्रात सांगण्यासारखं नाही, ते माझ्याजवळच राहू दे.

प्रकाशाच्या घरात आता तुमची धाकटी काकू आहे. कालच मी फोन केला तेव्हा ती विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्यावरून आपल्या चुलत सासऱ्यांशी समोरासमोर भांडत होती, आणि तेही तिला समोरासमोर उत्तर देत होते. त्या चहाच्या दुपारपासून आपल्या घरात सुना सासऱ्यांशी थेट बोलतात. ते अजून चालू आहे.

तुमची,
आजी